शंभर पानांचा अदमास

(नभोवाणीवरील भाषण)

शितावरून भाताची परीक्षा होते, असें मराठींत म्हणतात. तें खरेंही आहे. पातेल्यांतील एक शीत बोटांत चेपून पाहिलें कीं सबंध भात शिजला किंवा नाहीं, हें गृहिणीला तत्काळ कळतें. परंतु तो भात पुरेल किंवा नाहीं, हें मात्र कोणतेंही शीत सांगत नाहीं. अन्न चांगलें करणें ही एक विद्या आहे, आणि अन्न पुरतें करणें ही दुसरी. पहिल्या विद्येवर पुष्कळ ग्रंथ निघाले. दुसरी बहुतेक आचाऱ्यांच्या हातांत आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या स्मरणांतच राहिली.

चार माणसांच्या घरांत या दुसऱ्या विद्येची उणीव जाणवत नाहीं. कोण किती पोळ्या खातो हें ठाऊक असतें. एखादी कमी पडली तर भातावर निभावतें, उरली तर दुसऱ्या दिवशीं तिची फोडणीची पोळी होते. परंतु मुंज, बारसें, वास्तुशांत किंवा साठीशांत निघाली, पानांची संख्या शंभर-दोनशेंवर गेली, कीं हाच प्रश्न उग्र रूप धारण करतो. उणें पडलें तर घराची अब्रू जाते, या भयानें यजमान दीडपट सामान भरतो. आणि संध्याकाळीं आंबूं लागलेलीं पातेलीं पाहून हळहळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतील सुमारें ६० टक्के घरगुती स्वयंपाकघरांतलें होतें. तेव्हां हा प्रश्न एका यजमानाच्या खर्चापुरताच आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

अदमासाचें पहिलें अंग म्हणजे माणसांची मोजदाद. आमंत्रण दिलेलीं माणसें आणि जेवावयास बसणारीं माणसें यांची संख्या कधींच एक नसते. आमंत्रणपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असें छापण्याची आपल्याकडे चाल आहे. या दोन शब्दांत दोन माणसेंही मावतात आणि नऊही मावतात. म्हणून नुसती नांवांची यादी करून भागत नाहीं. प्रत्येक नांवापुढें घरांतील मोठीं माणसें किती, मुलें किती, आणि येण्याचा संभव किती, असे तीन रकाने काढावे. शेजारचें बिऱ्हाड निश्चित येणार. नागपूरचे मामेभाऊ बहुधा येणार नाहींत. कचेरींतील मंडळी वार पाहून ठरविणार. हा विचार नांवागणिक केला म्हणजे एकूण आंकडा आपोआप खऱ्याच्या जवळ येतो.

येथें गणिताचा एक नियम उपयोगी पडतो. माणसें जितकीं अधिक, तितका एकूण संख्येंतील चढउतार प्रमाणानें कमी होतो. पंचवीस पाहुण्यांच्या जेवणांत पांच जण न आले तर पांचवा हिस्सा अन्न उरतें. चारशें पाहुण्यांत ऐशीं जण आपापल्या निरनिराळ्या कारणांनीं न येणें फारच दुर्मिळ. एकाला ताप येतो, दुसऱ्याचा ताप उतरतो. चुका एकमेकींस खोडून काढतात. परंतु हा नियम लागू पडण्यास एक अट आहे. ज्याचें त्याचें येणें-न-येणें स्वतंत्र असलें पाहिजे, आणि आपल्या समाजांत तें तसें नसतें. येथें माणसें येत नाहींत, कुटुंबें येतात.

समजा, एका घरच्या मुंजीला साठ कुटुंबांना आमंत्रण आहे, आणि सरासरीनें कुटुंबांत चार माणसें आहेत. एकूण २४० माणसें झालीं. चारांतील तीन कुटुंबें येतील असा अनुभव धरला तर १८० पाहुणे यावयाचे. हीं २४० माणसें एकेकटीं स्वतंत्रपणें येणारीं असतीं, तर या आंकड्यांत सर्वसाधारणपणें सातांचा फरक पडता. परंतु तीं चारचारांच्या गठ्ठ्यांनीं येतात, म्हणून तोच फरक तेरा-चौदांच्या घरांत जातो. म्हणजे दुप्पट होतो. सावध यजमानानें या फरकाच्या दुपटीची तजवीज ठेवावी, म्हणजे सुमारें सत्तावीस माणसांची. याहून अधिक भरणा करणें हें गणित नव्हे, घाबरटपणा होय. मात्र ज्या कारणांनीं सगळ्यांचेंच पाऊल एकदम अडतें, तीं कारणें या हिशेबाबाहेरचीं आहेत. श्रावणांतील मुसळधार पाऊस, रविवारीं लोकलगाड्यांचा लांबलेला खोळंबा, त्याच मुहूर्तावर नात्यांत निघालेलें दुसरें कार्य, यांनीं पन्नास पानें एकदम कमी होतात. त्यांच्यावर उपाय आंकड्यांचा नाहीं, स्वयंपाकाच्या क्रमाचा आहे. तो पुढें येईल.

मोजदादींतील सर्वांत मोठी चूक पाहुण्यांसंबंधीं नसतेच. ती असते यादींत ज्यांचें नांव लिहिण्याचें कोणास सुचतच नाहीं अशा माणसांसंबंधीं. आचारी व त्याचे हाताखालचे लोक, वाढपी, पाणी भरणारे, भांडीं घासणाऱ्या बायका, सनई-चौघडा वाजविणारे, मांडव घालणारे, पाहुण्यांच्या मोटारींचे चालक, आणि पहांटेपासून राबलेल्या घरच्या सुना-लेकी. यांची संख्या दोनशें पानांच्या कार्यांत पंचवीसपर्यंत सहज जाते. हीं सर्व माणसें शेवटच्या पंगतीला बसतात. अन्न उणें पडतें तें पहिल्या पंगतींत कधींच पडत नाहीं. तेथें तर आग्रहानें जिलेबी वाढली जात असते. तें पडतें शेवटच्या पंगतींत. पाहुण्यांना तें कळत नाहीं, यजमानाला पुष्कळदां कळवीत नाहींत, आणि ‘आम्हांला काय, कांहींही चालेल’ असें म्हणून ताकभातावर उठणाऱ्या बायकांच्या सोशिकपणावर घराची अब्रू राखली जाते. म्हणून यादीच्या शिरोभागीं प्रथम या पंचवीस पानांची नोंद करावी, आणि पहिली पंगत बसण्यापूर्वीं त्यांचा वांटा, गोडासकट, निराळ्या भांड्यांत काढून झांकून ठेवावा. अदमास खरा कीं खोटा याची कसोटी पहिल्या पंगतीच्या कौतुकांत नाहीं. शेवटच्या पानावर श्रीखंड वाढलें गेलें किंवा नाहीं, यांत आहे.

दुसरें अंग दर पानाच्या प्रमाणाचें. दहा वर्षांखालील मूल अर्धें पान धरावें. वरील उदाहरणांत १८० पाहुण्यांपैकीं चाळीस मुलें असलीं तर १४० आणि २० मिळून १६० पानें झालीं. त्यांत राबणारांचीं पंचवीस मिळविलीं कीं १८५. आतां पानागणिक कोरडें सामान किती? ज्या भोजनांत पुरी आहे, गोड आहे, वरणभात आणि मसालेभात असे दोन भात आहेत, तेथें दोन्हीं भातांचे मिळून तांदूळ ९० ग्रॅम पुरतात. शिजल्यावर तांदळाचें वजन अडीच ते तीन पट होतें, म्हणजे पानावर पावशेराच्या आसपास भात पडतो. वरण आणि आमटी मिळून तुरीची डाळ ४५ ग्रॅम, बटाट्याची भाजी असेल तर बटाटे १०० ग्रॅम, मठ्ठा एक मोठी वाटी म्हणजे २०० मिलिलिटर. पुरीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो कणकेंत पाणी व मोहन मिळून सुमारें चौदाशें ग्रॅम उंडा होतो; वीस ग्रॅमची एक लाटी धरली तर सत्तर पुऱ्या झाल्या; पानास पांच पुऱ्या धरल्या तर एका किलोंत चौदा पानें निघतात, म्हणजे पानामागें सत्तर ग्रॅम कणीक. श्रीखंड पानास ११० ग्रॅम. चक्का आणि साखर जवळजवळ समभाग.

या प्रमाणांची तुलना करण्यास एक सार्वजनिक माप उपलब्ध आहे. शाळांतील मध्यान्ह भोजनाची योजना, जिला २०२१ पासून पंतप्रधान पोषणशक्तिनिर्माण असें नांव आहे, तिच्यांत प्राथमिक वर्गांतील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असें प्रमाण ठरविलेलें आहे. वरील पंगतींत तांदूळ व कणीक मिळून १६० ग्रॅम धान्य झालें. वाढत्या वयाच्या मुलाच्या साध्या जेवणाइतकें धान्य, आणि त्यावर गोड, तळण, मठ्ठा. प्रौढ माणसास हें कमी नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

पदार्थ वाढले म्हणजे प्रमाणांची नुसती बेरीज करूं नये. माणसाचें पोट तेवढेंच राहतें. श्रीखंड आणि जिलेबी दोन्हीं असतील तर प्रत्येकाचा पुरा वांटा न धरतां दोनतृतीयांश धरावा. भज्यांचा घाणा असेल तर पुरी एकानें उतरते. याच्या उलट आग्रहाची गोष्ट. आग्रहानें खाणें वाढतें त्यापेक्षां पानांत टाकणें अधिक वाढतें. वाढप्याच्या हातांतील डावाचें माप हेंच खरें माप असतें. पुरेल असें धरलेलें श्रीखंड मोठ्या डावानें वाढलें तर शंभर पानांतच संपतें. म्हणून पंगत बसण्यापूर्वीं एका पातेल्यांत किती ओगराळीं आमटी आहे, एक डाव श्रीखंड किती ग्रॅम भरतें, हें एकदां पाहून वाढप्यांना सांगावें. पहिल्यांदा थोडें, मग विचारून पुन्हां, हा क्रम पाळला तर उष्टें कमी दिसतें. जेथें पाहुणे हातांत ताट घेऊन स्वतः वाढून घेतात, तेथें हें नियंत्रण राहत नाहीं. भूक लागलेला मनुष्य डोळ्यांनीं वाढून घेतो. तेथें मोठ्या ताटाऐवजीं मध्यम ताट आणि मोठ्या डावाऐवजीं लहान डाव ठेवणें, एवढाच उपाय हातीं राहतो.

जुन्या घरांत कार्याच्या हिशेबाच्या वह्या सांपडतात. त्यांत पायली, शेर, मापटें, चिपटें अशीं मापें असतात. तीं वाचतांना सावध असावें. शेर हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही होता. वजनाचा शेर ऐशीं तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर म्हणजे दोन मापटीं, आणि असे चार शेर म्हणजे पायली. मापाच्या शेरांत तांदूळ, डाळ आणि पोहे यांचें वजन निरनिराळें भरतें, हें विसरून आजीच्या वहीवरून सामान भरलें तर घोटाळा ठरलेला. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ सालीं झाला आणि त्यानंतर किलो सर्वत्र रूढ झाला. परंतु आजीच्या वहींतील शहाणपण किलोंत उतरवून घेण्याचें काम अजून पुष्कळ घरांत राहिलेंच आहे. मुंबईंत १९४३ सालीं धान्याचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हांच्या गृहिणींनीं मोजून रांधणें नाइलाजानें आत्मसात केलें. नाइलाज गेला तरी ती संवय टाकून देण्यासारखी नव्हती.

तिसरें अंग भांड्यांचें. दहा माणसांची आमटी शंभर माणसांची करावयाची तर सर्वच जिन्नस दसपट करून चालत नाहींत. भांडें मोठें झालें कीं आंतील आकारमान जितक्या झपाट्यानें वाढतें, तितकें त्याचें तोंड वाढत नाहीं. म्हणून वाफेवाटें जाणारें पाणी प्रमाणानें कमी होतें. लहान पातेल्याच्या हिशेबानें पाणी घातलें तर मोठ्या भाताचा गिच्च गोळा होतो. मोठें भांडें उकळीस येण्यास फार वेळ घेतें. आणि चुलीवरून उतरल्यावरही त्यांतील उष्णता टिकून राहत असल्यानें भात आंतल्या आंत शिजत राहतो. तिखट, मीठ, हिंग, गरम मसाला दसपट न घालतां प्रथम सातआठ पट घालावा आणि चाखून वाढवावा. घातलेलें मीठ परत काढतां येत नाहीं. सतरा किलो तांदळांचा भात एकाच हंड्यांत रांधण्यापेक्षां तीन-चार पातेल्यांत, एकामागून एक चढवून रांधणें हें सर्व दृष्टींनीं हिताचें. एक पातेलें लागलें तर चौथा हिस्सा जातो, सगळा भात जात नाहीं. आणि पाहुणे कमी आले तर शेवटचें पातेलें चढवावयाचेंच नाहीं.

या शेवटच्या वाक्यांतच अदमासाच्या विद्येचें सार आहे. पदार्थांचे दोन वर्ग करावे. कांहीं पदार्थ ऐन वेळीं वाढवितां येतात. भात, पुरी, कोशिंबीर, मठ्ठा हे त्या वर्गांतले. कांहीं वाढवितां येत नाहींत. चक्का रात्रभर टांगावा लागतो, पुरणाला घाटावें लागतें. जे वाढवितां येत नाहींत ते राखीव पानांसकट, म्हणजे वरील उदाहरणांत १८५ अधिक २५ अशा २१० पानांचे करावे. श्रीखंड २३ किलो, त्याला चक्का १२ किलो व साखर ११ किलो. जे वाढवितां येतात ते १८५ पानांपुरतेच योजावे: तांदूळ सुमारें १७ किलो, कणीक १३ किलो, डाळ सव्वाआठ किलो. राखीव पंचवीस पानांचे सव्वादोन किलो तांदूळ आणि पावणेदोन किलो कणीक निवडून, मोजून, पण कोरडी ठेवावी. शिल्लक कच्ची असावी, शिजलेली नसावी. कोरडे तांदूळ डब्यांत परत जातात. शिजलेला भात कोठेंही परत जात नाहीं.

मग पहिली पंगत उठली कीं हिशेब तपासावा. १८५ पानांपैकीं साठ जेवलीं असतील, तर प्रत्येक पदार्थाचा सुमारें तिसरा हिस्सा संपलेला असावा. भात तिसऱ्या हिश्श्याहून पुष्कळ अधिक गेला असेल तर राखीव तांदूळ तेव्हांच वैरावे. दुसरी पंगत बसल्यावर नव्हे. श्रीखंड अर्धें संपलें असेल तर वाढप्याचा डाव बदलावा. सर्वच पदार्थ कमी संपले असतील तर पुढील पातेलें थांबवावें. अशी एक तपासणी केल्यानें पहिल्या अदमासांतील बहुतेक चुका सुधारतां येतात. आणि ती करण्यास एक जबाबदार मनुष्य, हातांत कागद घेऊन, आचाऱ्याजवळ उभा पाहिजे. यजमान स्वतः दारांत स्वागताला असतो. हें काम त्याचें नव्हे.

एवढें करूनही अन्न उरतें. तें गरिबांना वाटून टाकावें, असें सहज म्हटलें जातें. परंतु संध्याकाळपर्यंत उघडें राहिलेलें अन्न देणें हें दान नव्हे. शिजलेलें अन्न साध्या हवेंत दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये, गरम ठेवावयाचें तर साठ अंशांवर आणि थंड ठेवावयाचें तर पांच अंशांखालीं ठेवावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भाताविषयीं तर विशेष जपलें पाहिजे. तांदळांत असणाऱ्या एका जातीच्या जंतूंचीं बीजें उकळण्यानेंही मरत नाहींत. कोमट भातांत तीं वाढतात, आणि त्यांनीं केलेलें विष भात पुन्हां गरम केल्यानेंही नाहींसें होत नाहीं. उरलेल्या अन्नाचें संकलन आणि वाटप यासंबंधीं भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१९ सालीं नियमही केले आहेत. म्हणून कोणती संस्था अन्न नेते, किती वाजेपर्यंत नेते, याची चौकशी कार्याच्या आदल्या दिवशींच करून ठेवावी. पातेल्यांत राहिलेलें, हात न लागलेलें अन्न झांकून, गरम असतांनाच द्यावें. पानांतलें देऊं नये. ज्यांना तें अन्न जावयाचें तींही माणसेंच आहेत, आणि त्यांनाही तें ताजेंच हवें असतें.

कार्य संपलें, मांडव उतरला, कीं बहुतेक घरांत खर्चाचा हिशेब लिहिला जातो. त्याच वहींत चार ओळी अधिक लिहाव्या: आमंत्रणें किती गेलीं, पानें किती उठलीं, सामान किती लागलें, आणि कोणता पदार्थ किती उरला किंवा किती वाजतां संपला. हवा कशी होती आणि वार कोणता होता, हेंही टिपावें. अशा दोन-तीन कार्यांच्या नोंदी घरांत असल्या म्हणजे पुढच्या पिढीला दुसऱ्या कोणत्याही ठोकताळ्याची गरज राहत नाहीं. कारण दुसऱ्यांचीं प्रमाणें दुसऱ्यांच्या पोटांचीं असतात, आणि आपल्या आप्तेष्टांच्या भुकेचा हिशेब आपल्याच वहींत मिळतो. शेवटची पंगत किती वाजतां बसली आणि तिच्यांत काय काय वाढलें गेलें, याची ओळ मात्र त्या वहींत सर्वांत वर असावी.